शमुवेल येईपर्यंत

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलेला होता. मी पहाटे उठल्यावर वाचला, चहा झाल्यावर पुन्हा वाचला. फोनवर दोन ओळींत त्याचं उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. हे पत्र एका दमात वाचून टाकू नकोस. सवडीने, थोडं थोडं वाच.

तू लिहितेस की सत्ताविसावं सरत आलं तरी काहीच मार्गी लागलेलं नाही. गुरुवारच्या प्रार्थनेला आधी पाच जणी यायच्या, आता तिघीच येतात. रविवारच्या शब्बाथ शाळेत तुझ्या शेजारी बसणारी मैत्रीण आता व्हिडिओवर संदेश देते आणि हजारो लोक तिला ऐकतात. आईबाबा स्थळं बघताहेत आणि जेवताना कुणी तुझ्याशी धड बोलत नाही. धाकट्या भावाने मंडळीत, म्हणजे चर्चला, यायचं सोडलं आहे. गेल्या वर्षी संजीवन सभेत एका वक्त्याने तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, वर्षाच्या आत प्रभू तुला मोठ्या सेवेत उभं करणार. ते वर्ष आता संपत आलं. नोकरीच्या राजीनाम्याचा मसुदा तू लिहून ठेवला आहेस. आणि शेवटी विचारतेस, "बाई, मी मागे पडले का?"

नाही पडलीस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांत डोक्याने वाचशील.

बायबलमधल्या १ शमुवेलाचा तेरावा अध्याय काढ. शौल इस्राएलचा राजा झालेला आहे. त्यांचे शत्रू पलिष्टी मिखमाशला तळ देऊन बसलेत. त्यांचे रथ आहेत, स्वार आहेत आणि पायदळ तर समुद्रकाठच्या वाळूइतकं. इस्राएल लोक गुहांत, झुडपांत, खडकांच्या कपारीत लपलेत, काही यार्देन ओलांडून पळालेत. शमुवेल संदेष्ट्याने शौलाला सांगून ठेवलं होतं, गिलगालात सात दिवस माझी वाट पाहा, मी येऊन अर्पणं करीन आणि पुढे काय करायचं ते तुला सांगेन. शौल थांबला. आपण हे विसरतो आणि त्याला नुसता उतावळा ठरवून मोकळे होतो. तो सात दिवस थांबला होता. सातव्या दिवशीही शमुवेलाचा पत्ता नाही आणि इकडे माणसं डोळ्यांदेखत पांगायला लागलेली. शेवटी त्याने स्वतःच होम केला, आणि तो आटोपतो न आटोपतो तोच शमुवेल समोर हजर.

शौल काय उत्तर देतो ते नीट बघ. लोक मला सोडून चालले होते, तुम्ही ठरल्या वेळी आला नाहीत, पलिष्टी केव्हा चालून येतील याचा नेम नव्हता, परमेश्वराची कृपा अजून मागितली नव्हती, म्हणून मन घट्ट करून मी होम केला. यातलं एकही कारण खोटं नाही. आणि त्याने केलं तरी काय? देवाची उपासनाच केली. तुझ्यासारख्या भक्तीच्या घरात वाढलेल्या मुलांना मी हा अध्याय मुद्दाम वाचायला सांगते तो याचसाठी. आपल्या हातून दारू पिण्याची, चोरी करण्याची घाई सहसा होत नाही. आपली घाई होमार्पणाची असते. सेवेसाठी राजीनामा, सुवार्तेसाठी कर्ज काढून स्पीकर आणि कॅमेरा, साक्ष चांगली व्हावी म्हणून झटपट लग्न. बाहेरून सगळं पवित्र दिसतं, आणि आत मात्र शौलाचीच भीती असते की माणसं चालली आणि तो काही येत नाही.

पुढचा अध्याय वाचल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. शौलाने उरलेली माणसं मोजली तेव्हा ती सहाशेच्या आसपास भरली. चौदाव्या अध्यायात शौलाचा मुलगा योनाथान आणि त्याचा शस्त्रवाहक, दोघंच, हातापायांनी कडा चढून पलिष्ट्यांच्या ठाण्यावर जातात आणि सगळ्या छावणीत दाणादाण उडते. थोडक्यांच्या हातून सुटका करायला परमेश्वराला काही अडचण नाही, असं योनाथान चढण्याआधी म्हणतो. पांगणाऱ्या ज्या गर्दीला धरून ठेवायला बापाने आज्ञा मोडली, ती गर्दी त्या दिवशी लागलीच नाही.

तुझ्या त्या तिघी मला म्हणूनच कमी वाटत नाहीत. आपल्याकडचंच सांगते. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना पटकीने वारले. एवढ्या वर्षांच्या कष्टांचं फळ म्हणून दाखवावी अशी मंडळी त्यांच्यामागे नव्हती. शाळा होत्या, छापखाना होता, आणि ज्यासाठी ते झिजले तो मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पुरा झाला. आपल्या नगरची पहिली मंडळी १८३३ सालची. ती त्यांनी पाहिली नाही.

आता त्या वक्त्याच्या शब्दाबद्दल. ते गृहस्थ मनाने चांगले असतील, मला त्यांच्यावर टीका करायची नाही. पण तू त्या शब्दाचं कॅलेंडर केलंस आणि गेलं वर्षभर त्यावर दिवस खोडत बसलीस, याचं मला वाईट वाटलं. तुझ्या फोनच्या स्टेटसवर यिर्मया २९:११ असतं, संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. वचन सुंदर आहे, मलाही त्याने कितीदा उभं केलं आहे. पण त्याच्या अलीकडचं, दहावं वचन कधी स्टेटसला ठेवलंस का? बाबेलची सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुमचा समाचार घेईन, असं ते म्हणतं. बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने पाठवलेलं ते पत्र, आणि ते ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हतं, आणि हिताचे संकल्प त्यांच्यासाठीच होते.

त्याच्याही आधीचा अठ्ठाविसावा अध्याय वाच. तिथे गिबोनचा हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो, दोन वर्षांच्या आत परमेश्वर सगळं परत आणणार, भांडी, राजा, बंदिवान, सगळं. लोकांना किती आवडलं असेल! यिर्मयाच्या मानेवर तेव्हा लाकडी जू होतं, ते हनन्याने काढून मोडून टाकलं. यिर्मया त्यावर काय म्हणाला माहीत आहे? "आमेन, परमेश्वर असं करो." त्यालाही ते हवंच होतं. पण शांतीचं भविष्य सांगणाऱ्याचा शब्द खरा झाला म्हणजेच तो देवाने पाठवलेला आहे हे कळेल, असं सांगून तो आपल्या वाटेने निघून गेला. त्याने हुज्जत घातली नाही. पुढे परमेश्वराचं वचन आलं ते वेगळंच होतं.

तूही तसंच कर. त्या शब्दाला आमेन म्हण, प्रभूच्या हाती दे आणि आपल्या वाटेने चालू लाग. तो प्रभूचा असेल तर तुझ्या राजीनाम्यावाचून अडणार नाही. नसेल, तर तुझ्या राजीनाम्याने खरा होणार नाही.

आणि सत्तर वर्षं करायचं काय, तेही त्याच पत्रात आहे. घरं बांधून त्यांत राहा, बागा लावून त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात मी तुम्हाला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी त्यांचं मंदिर लुटलं त्यांच्याच शहरासाठी! तुझं खराडीचं ऑफिस काही बाबेल नाही, तरी तू तिथे दोन वर्षं बॅग न उघडता बसली आहेस. तुझ्या टीममधल्या किती जणांच्या घरची परिस्थिती तुला ठाऊक आहे? कुणाची आई आजारी आहे, कुणाच्या घरी भांडणं आहेत, नव्याने आलेला कोण मुलगा डबा एकटाच खातो? 'खरी सेवा' सुरू झाल्यावर तू ज्यांच्याकडे जाणार, तशीच माणसं आत्ता तुझ्यापासून दोन खुर्च्यांवर बसलेली आहेत.

तुझ्या बायबल वाचनाबद्दलही एक बोलायचं आहे. वर्षात बायबल पुरं करायचं म्हणून तू ॲप घेतलंस, मागे पडलीस, आणि आता वनाझहून रामवाडीला जाताना मेट्रोत दीडपट वेगाने सात-सात अध्याय ऐकतेस. लेवीय आणि गणना तू अशीच संपवलीस. ते ॲप काही दिवस बंद ठेव. मार्कचं शुभवर्तमान घे. सोळाच अध्याय आहेत, आठवड्याला एक पुरे. सोमवारी जो वाचलास तोच मंगळवारी, तोच बुधवारी. रोज एकच गोष्ट वहीत लिही, काल न दिसलेली. शनिवारपर्यंत त्या अध्यायातली माणसं तुला घरच्यांसारखी ओळखू येतील.

पाचव्या अध्यायाशी आलीस की तिथे रेंगाळ. याईर हा सभास्थानाचा अधिकारी, मानाचा माणूस, रस्त्यात येशूच्या पाया पडतो. मुलगी मरायला टेकली आहे, येऊन तिच्यावर हात ठेवा. येशू निघतो. गर्दी इतकी की चेंगराचेंगरी. आणि त्या धावपळीत येशू थांबतो, मागे वळून विचारतो, माझ्या वस्त्रांना कोण शिवलं? शिष्यांना तो प्रश्नच वेडेपणाचा वाटतो. तो मात्र सभोवार बघत उभाच राहतो. बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली ती बाई शेवटी भीत, कापत पुढे येते आणि त्याला सगळं खरं खरं सांगते. सगळं म्हणजे किती वेळ गेला असेल ते बघ. बारा वर्षं, इतके वैद्य, होता नव्हता तो पैसा संपला, गुण नाही. बाई बोलते आहे आणि तो ऐकतो आहे.

आणि याईर शेजारी उभा आहे.

शब्बाथ शाळेत ही गोष्ट सांगताना मी मुलांना विचारायचे, तुम्ही याईराच्या जागी असता तर काय म्हणाला असता? एका चिमुरडीने उभं राहून सांगितलं होतं, "मी त्या बाईला म्हणाले असते, तुमचं नंतर सांगा ना, माझी मुलगी मरतेय." मुलं खरं बोलतात. याईराच्या तोंडी त्या वेळी एकही शब्द नाही. बाईचं बोलणं चालू असतानाच घरून निरोप येतो, मुलगी मेली, आता गुरुजींना त्रास कशाला देता? ज्याची धास्ती होती तेच झालं, आणि झालं ते येशू दुसऱ्या कुणासाठी थांबला म्हणून. येशू त्याला एवढंच म्हणतो, भिऊ नकोस, विश्वास मात्र धर.

तुझा खरा त्रास मला इथे दिसतो. तुझ्या मैत्रिणीसाठी प्रभू थांबला, तिचं ऐकलं, तिचं बरं केलं, आणि तू बाजूला उभी राहून वेळ मोजते आहेस. पण बाळ, त्या रस्त्यावर बाईचं बरं होणं याईराला काय देऊन गेलं? आपल्या घरात पाऊल टाकायच्या आधी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की याच्या वस्त्राला शिवलं तरी बारा वर्षांचं दुखणं जातं. मुलगी मेल्याची बातमी आली तेव्हा त्याच्यापाशी धरून ठेवायला तेवढंच होतं. दुसऱ्याच्या वाट्याला आलेली कृपा तुझ्या वाट्यातून वजा होत नाही. मैत्रिणीचा व्हिडिओ लागला तर तिच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना कर. जमलं तर तिला तसं कळव. एवढा मोठा गोतावळा सांभाळताना ती थकतही असेल.

त्या घरातला शेवटही बघ. बारा वर्षांची ती मुलगी उठून चालू लागते, सगळे आश्चर्याने वेडे होतात, आणि येशूला सुचतं की हिला काहीतरी खायला द्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण आपल्या लोकांत ती फार उलटी शिकवली जाते. 'प्रभूच्या वेळेची वाट पाहा' हे वाक्य प्रत्येक ठिकाणी लावायचं नसतं. तुझ्या गुरुवारच्या मुलींपैकी कुणी मार खात असेल, घरी किंवा नवऱ्याकडून, तर तिला धीर धर म्हणून परत पाठवू नकोस. त्याच संध्याकाळी तिला बाहेर काढ, १८१ ला फोन लाव, पोलिसांकडे जावं लागलं तर बरोबर जा. कुणाची फी भरायची राहिली असेल, कुणाच्या घरी चूल पेटली नसेल, तर दर्शनाची वाट बघायची नाही. पाळणाऱ्याने पाळायचं ते वचन तिथे आधीच दिलेलं आहे.

पंडिता रमाबाईंच्या केडगावला मी तुला न्यायचं ठरवलं आहे ते याचसाठी. त्यांच्या आयुष्यात घाई आणि धीर दोन्ही होते, आणि कोणतं कुठे वापरायचं हे त्यांना कळत होतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. केवढी विद्वान बाई, संस्कृतातल्या पंडितांनी वाखाणलेली. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः मिळाला नव्हता, असं त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिलं. तो मिळाल्याची खूण त्यांना पटली ती आठेक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास. तोवर त्यांनी शारदा सदन सुरू केलं होतं, मुंबईहून पुण्याला हलवलं होतं, विधवा मुलींना शिकवत होत्या. आतलं काम चालू असताना त्यांनी बाहेरचं काम थांबवलं नाही, आणि बाहेरचं काम नावाजलं गेलं म्हणून आतलं पुरं झालं असंही मानलं नाही. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी आपल्या आईवडिलांना दुष्काळातच, अन्नावाचून मरताना पाहिलं होतं. त्या निघाल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या मुली ठेवायला परवानगी मिळेना, तेव्हा केडगावला माळावर तंबू ठोकून त्यांची सोय केली. केडगावची ती जमीन आली कुठून? ती आधीच घेतलेली होती. शारदा सदनाला फळबागेचं उत्पन्न व्हावं एवढाच हेतू होता. तिथे विहिरी खणताना, झाडं लावताना हे मुक्तिसदन होणार आहे हे त्यांना कुठे ठाऊक होतं! त्या फक्त त्या वर्षाचं काम करत होत्या. मुली आल्या तेव्हा पाणी होतं आणि पाय ठेवायला जागा होती.

आणि हीच बाई बायबलच्या भाषांतराला बसली तेव्हा जवळजवळ अठरा वर्षं बसली. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल असं मराठी बायबल हवं होतं, म्हणून हिब्रू आणि ग्रीक मुळांतून, एकटीने. छपाईही मुक्तीतच, तिथल्याच मुलींच्या हातांनी. खिळे जुळवणं म्हणजे काय ते तुमच्या पिढीला माहीत नसेल. अक्षराचा खिळा वेगळा, जोडाक्षराचा वेगळा, मात्रा-वेलांटीचा वेगळा. एकेक खिळा खणातून उचलायचा, उलटा वाचायचा, ओळीत बसवायचा. एक पान असं भरायचं, मग त्याचं प्रूफ काढायचं, चुका हुडकायच्या, खिळे बदलायचे. दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली हे शिकल्या आणि उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत त्यांनी असं केलं. मध्ये १९२१ साली रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या आणि संपूर्ण बायबल छापून निघालं १९२४ साली.

भुकेल्या मुलींसाठी घाई आणि स्वतःच्या हातच्या कामाला अठरा वर्षं. आपण बरोबर उलट करतो. आपलं नाव, आपलं स्थान, आपली सेवा कधी उभी राहणार याची रात्री पावणेदोनला चिंता करतो आणि शेजारणीच्या घरी जायला रविवारचा वार बघतो.

धाकट्याबद्दल थोडं. तू त्याला रोज सकाळी वचन पाठवतेस आणि तो निळी खूण दाखवून गप्प बसतो. आता पाठवणं थांबव. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षं त्या घरावर काय कोसळलं हे तू वाचलं आहेस. नगरला आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं, त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांचा स्वभाव काही शांत नव्हता, ते तापट होते, हे त्यांच्या घरच्यांनीच सांगून ठेवलंय. तरी या एका बाबतीत त्यांनी बायकोला तिच्या चालीने चालू दिलं. आणि पुढे ज्या लक्ष्मीबाई आपल्याला मिळाल्या त्या कुणी ओढून आणलेल्या नव्हत्या, स्वतःच्या पायांनी आलेल्या होत्या. टिळकांचं ख्रिस्तायन हे काव्य त्यांच्या मृत्यूने अर्धवट राहिलं तेव्हा लेखणी लक्ष्मीबाईंनीच हाती घेतली. तुझ्या भावाला क्रिकेटबद्दल विचार, नोकरीबद्दल विचार, त्याच्याबरोबर भेळ खायला जा. प्रभूचं नाव त्याच्यासमोर नाही, त्याच्यासाठी घे, खोलीचं दार लावून.

लग्नाचं मी फार लिहीत नाही. आईबाबा घाबरले आहेत एवढं समजून घे. त्यांच्याशी एकदा बसून बोल, कुठल्या गोष्टींत तू तडजोड करणार नाहीस ते सांग, बाकी स्थळ बघायला हरकत नाही म्हण. भेटायला गेल्याने कुणी लग्न झाल्यासारखं बांधलं जात नाही.

आणि झोप. रात्री दोनला देवाच्या इच्छेचा निवाडा करायचा नाही. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी ठेवलं, दोनदा उठवून जेवायला घातलं आणि मध्ये झोपू दिलं. रविवारी उपासनेहून आल्यावर फोन कपाटात ठेव, जेव, दुपारी झोप. एवढं केलंस तरी निम्म्या प्रश्नांचं ओझं उतरेल.

माझ्या माहेरी कोरडवाहू रान होतं, शाळू पेरायचे. मार्कच्या चौथ्या अध्यायात बी पेरून माणूस झोपतो, उठतो, आणि ते कसं वाढतं हे त्याला कळत नाही, असं प्रभूने म्हटलंय, ते मी त्या रानात पाहिलेलं आहे. पण शाळू हुरड्यावर आला की घरातला एक तरी माणूस पहाट फुटायच्या आत माळ्यावर चढलेला असायचा, गोफण घेऊन. कणसात दूध भरणं त्याच्या हातात नव्हतं. पाखरं हाकणं होतं. तुझ्या गुरुवारच्या तिघींची राखण अशी कर. कोण आली नाही, का आली नाही, कुणाच्या परीक्षेची तारीख कोणती, कुणाचा इंटरव्ह्यू कसा झाला, हे तुला ठाऊक असलं पाहिजे. ज्या दोघी येत नाहीत त्यांना 'का येत नाहीस' विचारू नकोस, 'कशी आहेस' विचार.

राजीनाम्याचं असं कर. मसुदा आहे तिथे राहू दे. पाळकसाहेबांना वेळ मागून भेट, मंडळीतल्या एका वडील बाईला भेट, आणि ज्यांनी नोकरी सोडून पूर्णवेळ सेवा धरली अशा कुणाला तरी त्यांच्या घरी जाऊन भेट. व्यासपीठावरची साक्ष ऐकायची नाही. त्यांचं घर बघायचं, महिन्याचा खर्च कसा चालतो ते विचारायचं, त्यांच्या बायकामुलांशी बोलायचं. यिर्मयाकडे लोक 'आम्ही काय करावं ते परमेश्वराला विचार' म्हणून आले तेव्हा त्यालाही उत्तर यायला दहा दिवस लागले. संदेष्ट्याला दहा दिवस लागतात, तर तुला सहा महिने लागले म्हणून बिघडत नाही. सेमिनरीत संध्याकाळचे किंवा पत्राद्वारे शिकायचे काही वर्ग असतील तर नोकरी करत चौकशी कर. पाचारण खरं असेल तर अभ्यासाने ते विझत नाही.

पुढच्या महिन्यात एक शनिवार मोकळा ठेव. पुण्याहून दौंडच्या बाजूला जाणाऱ्या गाडीने केडगावला उतर, मी नगरहून येते. मुक्तिसदनात आधी कळवून ठेवते. येताना तुझ्या त्या तिघींना विचार, आणि ज्या दोघी येत नाहीत त्यांनाही. भाकरी आणि पिठलं माझ्याकडून, दही तुम्ही आणा. कोणता शनिवार जमतो ते त्यांना विचारून मला कळव.

प्रभूमध्ये तुझी,
बाई